मुक्कामाला जागा

कोजागरीच्या आधीचे दोन दिवस सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. पंचेचाळीसेक किलोमीटरची वाट. सोलापुरातून, त्याच्याही पलीकडून, थेट कर्नाटकातल्या खेड्यांमधून माणसे निघतात. पायात वहाण नाही, डोक्यावर गाठोडे, कडेवर पोर. आई राजा उदे उदे करत ही रांग बालाघाटाच्या चढणीला लागते. ज्येष्ठ-आषाढात याच भागातून दुसरी रांग उलट दिशेने जाते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई करीत धाराशिवला येते, तुळजापूरला मुक्काम करते आणि सोलापूरमार्गे पंढरपूरला पोचते. विदर्भातला माणूस पंढरीला जायचा तर आपल्या जिल्ह्यातून जायचा, ही वाट जुनीच आहे.

या माणसांकडे पाहिले की भक्तीचे कौतुक सगळेच करतात. पण संध्याकाळ झाली की एक साधा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ही माणसे झोपतात कुठे?

तुळजापुरात याचे एक उत्तर फार पूर्वीपासून होते. प्रत्येक घराण्याचा पुजारी ठरलेला. आजोबा ज्यांच्या वाड्यात उतरले, त्यांच्याच वाड्यात नातू उतरायचा. ओसरीवर पथारी, मागच्या अंगणात चूल, तिथेच पुरणपोळीचा नैवेद्य. भाड्याचा दर कुठे लिहिलेला नसे. जाताना ऐपतीप्रमाणे दक्षिणा ठेवायची. पंढरपुरात बडवे-उत्पातांची घरे होती, निरनिराळे मठ होते. श्रीमंतांनी पुण्य म्हणून बांधलेल्या धर्मशाळाही ठिकठिकाणी होत्या. आपल्या भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाई होळकरांनी, काशी-गयेपर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आणखी मागे जायचे तर धाराशिव शहराजवळच्या लेण्यांतल्या त्या लहान लहान खोल्या तरी काय आहेत? फिरत्या भिक्षूंनी पावसाळा काढायची सोय. निवाऱ्याची ही परंपरा आपल्याकडे दीड हजार वर्षांची आहे.

परंपरा मोठी, पण तिच्या दाराशी एक प्रश्न विचारला जाई. पाहुणे कुठले, हा त्याचा सभ्य अर्धा भाग. जात कोणती, हा उरलेला. उत्तर सोयीचे नसेल तर यात्रेकरूला ओसरी नव्हती, विहीर नव्हती, चूलही नव्हती. महार, मांग, चांभार वारकरी शे-दीडशे मैल चालून पंढरीला यायचा आणि गावाबाहेर झाडाखाली किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात पडून राहायचा. देवळात त्याला जाता येत नव्हते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. त्याला पाठ टेकायलाही जागा मिळत नव्हती, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. आषाढात पाऊस, पायाखाली चिखल, पाणी नदीचेच. पंढरपूरच्या यात्रेत पटकी शिरली की तिची पहिली झळ अशाच माणसांना लागे, आणि ती घेऊन ती गावोगाव परतत.

या माणसांसाठी पंढरपुरात चिरेबंदी इमारत उभी करावी, असे १९१७ साली एका माणसाने मनात घेतले. त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे सामान होते ते एवढेच: अंगावर निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या शिवून केलेला पोशाख, हातात खराटा आणि एक मातीचे फुटके गाडगे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे कागदावरचे नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट घराण्यातला. बाप झिंगराजी दारूच्या नादी लागला आणि पोर आठ वर्षांचे असताना गेला. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी माहेरी आली. तिथे मामाच्या घरी डेबू गुरे राखायला लागला, मग नांगर धरायला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. पण नदीत पट्टीचा पोहणारा, औताला पक्का, आणि रात्री भजनात टाळ धरून बसणारा अशी त्याची गावात ओळख झाली. मामाची जमीन सावकाराच्या वहीत गेली आणि मामा त्या धसक्याने खचला, तेव्हा कर्ज म्हणजे काय चीज असते हे डेबूने जवळून पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनात सावकार, दारू आणि ऋण काढून केलेले सण यांवर ते तुटून पडत, त्याची मुळे दापुऱ्याच्या त्या घरात आहेत. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण न घालता त्यांनी गोडाचे जेवण घातले. आज हे किरकोळ वाटेल. भाऊबंदांच्या पंगतीत ज्यांनी असे काही करून पाहिले आहे, त्यांना ते किरकोळ वाटणार नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. मागे आई, पत्नी कुंताबाई, मुले. घरच्यांवर त्या दिवशी काय कोसळले असेल, हे चरित्रकार थोडक्यात आटोपतात. संतांच्या चरित्रांत बायकामुलांची बाजू नेहमीच थोडक्यात आटोपली जाते, आणि वाचताना ते खुपतेही.

पुढची बारा वर्षे हा माणूस नुसता चालत होता. डोक्यावर गाडगे पालथे घातले की ती टोपी. तेच सुलटे धरले की जेवायचे ताट आणि पाण्याचा पेला. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. लोक वेडा समजत, पोरे दगड मारीत, कुत्री अंगावर येत. गावात शिरल्यावर प्रथम खराटा चाले. कुणाची लाकडे फोडून दिली, कुणाच्या शेतात खुरपणी केली, आणि मगच चतकोर भाकरी मागितली. काम न करता तुकडा घ्यायचा नाही, हा नेम. काम झाल्यावर कुणी आग्रहाने थांबा म्हणाले, की पाय उचलायचे, हा दुसरा नेम. वाटेत गाडी अडलेली दिसली तर खांदा द्यायचा आणि गाडीवान मागे वळून पाहीपर्यंत निघून जायचे.

रात्री कुठे झोपले? झाडाखाली, नदीकाठी, स्मशानाजवळ, गावाबाहेरच्या पडक्या देवळाच्या ओट्यावर. आजच्या भाषेत सांगायचे तर अत्यंत कमी खर्चात प्रवास करणाऱ्या माणसाला जे जे सोसावे लागते ते सगळे या बारा वर्षांत त्यांनी सोसले. कुठल्या गावात पाणी मिळते आणि कुठल्या गावात हाकलतात, पावसात गरिबाचे गाठोडे प्रथम भिजते ते कसे, आजारी म्हातारीला उघड्यावर रात्र किती लांब वाटते, यातले काहीही त्यांनी ऐकून जाणलेले नव्हते. धर्मशाळा बांधणारे राजे आणि शेठ पुष्कळ झाले. पण धर्मशाळेवाचून बारा वर्षे काढून मग ती बांधणारा हा एकच आठवतो.

गंमत अशी, की जवळजवळ त्याच काळात दूर जर्मनीत याच प्रश्नाने एका शाळामास्तरला गाठले होते. रिचर्ड शिरमान हे मास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळी पावसात सापडले. एका गावातल्या शाळेत गवत पसरून मुलांनी रात्र काढली, आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा फिरत्या मुलांना मुक्कामाला का देऊ नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात आला. त्यातून जगभरची युवा वसतिगृहांची चळवळ उभी राहिली; पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या पोराला स्वस्तात खाट मिळू लागली. मूळ प्रश्न एकच, रात्रीच्या छपराचा. फरक इतकाच, की शिरमान यांच्या मुलांना घर होते आणि ती हौसेने बाहेर पडली होती. बाबांच्या डोळ्यांपुढे असलेल्या माणसांना बाहेर जागा नव्हती, आणि अनेकदा घरही नावापुरतेच होते.

बाबांचे पहिले बांधकाम मात्र धर्मशाळेचे नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनला पूर्णा नदीकाठी यात्रा भरे. उतार चिखलाचा, म्हातारी माणसे घसरून पडत. १९०८ च्या सुमारास तिथे घाट बांधायचे काम सुरू झाले. या कामात पुढची सगळी पद्धत ठरून गेली. बाबांनी स्वतः दगड उचलायचे, ते पाहून लोकांनी हात लावायचा, आणि जमलेला पैसा बाबांनी शिवायचा नाही. देणाऱ्याने थेट सामान आणून टाकावे किंवा जबाबदार माणसांच्या हाती रक्कम द्यावी. स्वतः अक्षरशत्रू, पण हिशेब लिहिणारी माणसे त्यांनी अशी पारखून नेमली की पुढे लाखांच्या व्यवहारात नाव निघाले नाही.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ साली हाती घेतली आणि ती पुरी व्हायला सुमारे तीन वर्षे लागली. नाव विचारपूर्वक दिलेले दिसते. मंगळवेढ्याचे चोखोबा चौदाव्या शतकातले. त्यांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. म्हणजे ज्या दारातून त्यांना कधी आत जाता आले नाही, त्याच दाराशी. त्यांच्या नावाची धर्मशाळा, त्यांच्याच जातीच्या माणसांसाठी, त्याच गावात बाबांनी उभी केली. देवळाचे दार उघडायला त्यानंतर आणखी तीस वर्षे जायची होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींचे उपोषण झाले तेव्हा ते उघडले. धर्मशाळेने मात्र कुणाची परवानगी मागितली नाही. आत जायला देत नाहीत ना, मग मुक्काम तरी पक्क्या भिंतीत होऊ दे, असा हा सरळ हिशेब.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. जात मानू नका म्हणून रात्र-रात्र घसा फोडणाऱ्या या माणसाने पंढरपुरात मराठा धर्मशाळा बांधली, परीट धर्मशाळा बांधली, चोखामेळा धर्मशाळा बांधली. जातवार धर्मशाळा! टीकाकारांनी हे बोट ठेवले तर त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही. एकच मोठी धर्मशाळा बांधून सगळ्यांना आत घेतले असते तर?

मला वाटते, बाबांनी तो विचार केला नसेल असे नाही. पण १९१७ चे पंढरपूर त्यांना ठाऊक होते. सगळ्यांची म्हणून बांधलेल्या इमारतीत पहिल्याच वारीला काय झाले असते? ज्यांना इतर दहा ठिकाणी उतरता येते, त्यांनीच ओसरी धरली असती आणि ज्यांच्यासाठी ती बांधली ते पुन्हा वाळवंटात गेले असते. तेव्हा निदान एक जागा तरी अशी हवी होती, की जिथून कुणी त्यांना उठवू शकणार नाही. दुसरे असे, की पैसा जातीजातींतून येत होता आणि देणारा आपल्या माणसांसाठी देत होता. तो जिथे होता तिथे त्याला पकडून बाबांनी काम करून घेतले. हे आदर्श नव्हे, पण तडजोडही नव्हे. पाऊस सुरू होण्याआधी छप्पर घालणाऱ्या माणसाची ही घाई आहे. आणि ते तिथेच थांबले नाहीत, हे पुढे दिसते.

दुसरा असाच पेच देवाचा. बाबांच्या कीर्तनात तीर्थक्षेत्रांची जी हजेरी घेतली जाई, ती ऐकून एखाद्या भाविकाची झोप उडावी. तीर्थात पाणी आहे आणि देवळात धोंडा आहे, देव बघायचा तर भुकेल्या माणसात बघा, हा त्यांचा सूर. कर्ज काढून यात्रा करू नका, नवसाला बकरे मारू नका, पोराला शाळेत घाला. कीर्तन म्हणजे तरी काय, समोर बसलेल्या शेतकऱ्याला वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न टाकायचे आणि उत्तरे त्याच्याच तोंडून काढायची. हजारोंचा समुदाय होकार-नकार ओरडत राही. शेवटी भजनाच्या एका ओळीवर सगळे मैदान डोलू लागे. ते स्वतः पंढरीला वर्षानुवर्षे गेले, पण विठ्ठलाच्या दर्शनाला देवळात गेले नाहीत असे सांगतात. सगळी यात्रा देवळाकडे वळली की हे वाळवंटात घाण झाडीत असत.

मग तीर्थाला पाणी म्हणणाऱ्याने धर्मशाळा तीर्थांच्या गावीच का बांधल्या? पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक. उत्तर शोधायला फार लांब जायला नको. माणसे तिथे येतातच. सांगून ऐकणार नाहीत, निदान उपाशी आणि उघड्यावर तरी राहू नयेत. नाशिकला गोदाकाठी धर्मशाळेबरोबर आंधळ्या-पांगळ्यांसाठी सदावर्त आले, मूर्तिजापूरला गोरक्षणाच्या जागेत धर्मशाळा आणि विद्यालय आले. जिथे छप्पर तिथे अन्न, आणि जिथे अन्न तिथे पोरांना शिकवायची सोय, असा हा क्रम लागत गेला.

धर्मशाळा चालवणे हे ती बांधण्यापेक्षा कठीण काम आहे. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या धर्मशाळेत एक-दोन रात्री काढलेल्या आहेत. कोपऱ्यात साचलेली राख, तुंबलेली मोरी, कुणी तरी कायमचा अडवून बसलेला चांगला कोनाडा हे चित्र आपल्याला नवे नाही. फुकटच्या जागेला वाली नसतो. म्हणूनच बहुतेक जुन्या धर्मशाळांत तीन दिवसांची मर्यादा असे. बाबांचा यावरचा उपाय म्हणजे खराटा आणि विश्वस्त मंडळ. खराट्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, विश्वस्तांची फारशी सांगितली जात नाही. प्रत्येक संस्थेचे रीतसर कागद केले, पंच नेमले आणि आपल्या नातलगांपैकी कुणाचा या मालमत्तेवर काडीचा हक्क राहू दिला नाही. सखूबाई आणि कुंताबाई ऋणमोचनला झोपडीत राहिल्या. १९२३ साली मुलगा गोविंद कुत्रे चावून गेला. ही बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात होते आणि त्यांनी कीर्तन थांबवले नाही. घरच्या माणसांच्या दृष्टीने हे कठोर होते यात शंका नाही. पण आपल्या आजूबाजूच्या सार्वजनिक संस्था दुसऱ्या पिढीत कुणाच्या घरच्या होतात ते पाहिले, म्हणजे त्या कठोरपणाचा उपयोगही कळतो.

स्वतः बाबा आपल्या धर्मशाळेच्या पलंगावर कधी निजले नाहीत. लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्यावरही त्यांची पथारी बाहेर, झाडाखाली नाहीतर गवताच्या झोपडीत असे.

१९४९ च्या जुलैत मुंबईत एक भेट झाली. बाबा आजारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी केंद्रात कायदामंत्री. दिल्लीला निघायच्या गडबडीत असताना त्यांना ही बातमी कळली आणि ते सगळे कार्यक्रम बाजूला ठेवून दोन घोंगड्या घेऊन भेटीला आले, अशी हकीकत सांगितली जाते. कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घोंगड्या घेतल्या. याच सुमारास पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी सोपवली. हयातभर पै-पै जमवून उभारलेली इमारत अशी देऊन टाकणे सोपे नव्हे. पण हिशेब पाहा. देऊळ दोन वर्षांपूर्वी उघडले होते. वारीचे चार दिवस मुक्काम मिळावा ही १९१७ ची गरज होती. आता खेड्यातल्या पोराला वर्षभर राहून शिकता यावे ही गरज होती. इमारत तीच, झोपणारा बदलला. यात्रेकरूच्या जागी विद्यार्थी आला.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाबासाहेब १९४१ साली कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शाळा थोड्या, त्याही लांब. तालुक्याच्या गावी राहण्याची सोय नाही म्हणून ज्यांचे शिक्षण चौथीत-सातवीत सुटले अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात निघतील. वसतिगृहातली एक लोखंडी खाट आणि एक पत्र्याची पेटी एवढ्यावर ज्यांची घरे पालटली, अशीही निघतील.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि सगळ्या संस्था एका व्यवस्थेखाली आल्या. तोवर बाबांचे वय शहात्तर झाले होते. आता कुठे तरी स्वस्थ बसावे, असे आणखी कुणालाही वाटले असते. पण याच काळात त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाभोवतीचे फुटपाथ दिसले.

मोठ्या शहरातले मोठे सरकारी रुग्णालय म्हणजेही एक तीर्थक्षेत्रच असते. गावच्या डॉक्टरने हात टेकले की माणूस जिल्ह्याला जातो, मग बार्शी-सोलापूर, आणि तिथूनही चिठ्ठी मिळाली की मुंबई. आजारी माणसाला आत खाट मिळते. त्याच्याबरोबर आलेली बायको, भाऊ, म्हातारा बाप यांनी कुठे जायचे? लॉजचे भाडे औषधाच्या पैशांतून जाते. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्याची पडते. गावाकडे रोजगार बुडतो, गुरे शेजाऱ्याच्या जिवावर असतात, आणि इथे रुग्णालयाच्या भिंतीला लागून प्लास्टिकच्या कागदावर संसार मांडलेला असतो. देवाच्या दारी निदान चार दिवसांनी परतायचे असते. या दारी किती दिवस हे कुणी सांगत नाही.

१९५४ साली जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातलगांसाठी बाबांची धर्मशाळा झाली. पंढरपूरच्या धर्मशाळेनंतर साडेतीन दशकांनी झालेल्या या इमारतीत मराठा, परीट, चोखामेळा असे काही उरले नव्हते. दाराशी विचारायचे ते एवढेच, की तुमचा पेशंट कोणत्या वॉर्डात आहे. आधीचा तो जातवार धर्मशाळांचा प्रश्न ज्यांना सलतो, त्यांनी या दोन इमारती शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. बाबांनी यावर कुठे व्याख्यान दिले नाही. त्यांना लिहिता येत नव्हते, आणि बोलले ते लोकांना झाडू हाती द्यायला बोलले.

शेवटची दोन वर्षे दगदगीची गेली. प्रकृती ढासळत होती, फिरणे सुटत नव्हते. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या वसाहतीत त्यांनी कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झाले म्हणून त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो. थकलेला, पण प्रश्न विचारायचे न सोडणारा. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी प्राण सोडला. गाव मागे राहिले होते आणि अमरावती यायची होती. जन्मभर वाटेवर राहिलेला माणूस वाटेवरच गेला. अमरावतीत त्यांची समाधी आहे. त्या भागाला गाडगेनगर म्हणतात.

पुढे सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्याआधी १९७७ साली राजदत्त यांनी काढलेला देवकीनंदन गोपाला हा चित्रपट गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये लोकांनी पाहिला, आणि डॉ. श्रीराम लागूंचा चेहराच अनेकांच्या मनात बाबांचा म्हणून बसला. सगळीकडे खराटा पुढे आला. फोटोत खराटा, पुतळ्याच्या हातात खराटा, शाळेच्या स्नेहसंमेलनात चिंध्या घातलेल्या पोराच्या हातातही तोच. धर्मशाळा मात्र फोटोत मावत नाहीत, म्हणून त्या थोड्या मागे पडल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची मोठी धर्मशाळा त्यांच्या पश्चात मिशनने चालवली, ती परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला येणाऱ्यांसाठी.

लातूरहून निघून धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी करीत रात्रभर धावणारी गाडी सकाळी दादरला येते. जनरलच्या डब्यातून उतरणाऱ्यांत एक-दोन घरे हमखास अशी असतात, की म्हाताऱ्याच्या डोक्याला मफलर गुंडाळलेला, मुलाच्या बगलेत एक्स-रेचे मोठे पाकीट, सुनेच्या हातात भाकरीचे गाठोडे. पुलावरच्या गर्दीत बाजूला उभे राहून मुलगा हमालाला विचारतो, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेकडे कुठून जायचे. हमाल न थांबता हात पूर्वेकडे करतो.